घारीची छाती दाबू नका, आत भाता चालू असतो

गोव्यात पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की ब्राह्मणी घारी येतात, हे तिथे कोणीही सांगेल. पांढरं डोकं, विटकरी अंग, वाळूवर राहिलेली बारीक मासळी उचलायला अगदी माणसांच्या डोक्यावरून खाली येतात. दोन वर्षांपूर्वी त्यातली एक नायलॉनच्या जुन्या जाळ्यात अडकली, एक पंख पूर्ण गुंडाळलेला, मी ओढणी टाकून तिला उचलली आणि घट्ट धरली, कारण त्या नख्या बघितल्यावर कोणीही घट्टच धरेल. तेवढ्यात मागून तात्या ओरडले, "बाय, छाती सोड तिची! पाय धर, छाती सोड!"

तात्या म्हणजे आमचे शेजारी, पंचाहत्तरीचे, उभा जन्म रापणीवर गेला. जाळं कापून घार उडून गेल्यावर त्यांनी सांगितलं की तरुणपणी अशीच एक घार त्यांच्या हातात मेली होती. चोचीत गळ रुतला होता, तो काढेपर्यंत त्यांनी तिला छातीभोवती दोन्ही हातांनी आवळून धरली, ती गप्प झाली, त्यांना वाटलं शांत झाली बिचारी. गळ निघाला तेव्हा मान लटकली होती. "ना रक्त, ना मोठी जखम. मग मेली कशाने?"

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही, याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून शिकारी पक्ष्यांच्या छातीची हाडं, बरगड्या याबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. जे समजलं ते इथे सोपं करून लिहितेय, तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच समजा.

आधी एक गोष्ट. घारीचं, गरुडाचं हाड कुठे सापडलं तरी ते घरी आणून ठेवायचं नसतं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही. म्हणून शिकायला कोंबडी घ्यायची. रविवारी शागोतीसाठी आणता तीच, फक्त तुकडे करून नाही, पंखांसकट अख्खी आणा आणि शक्यतो गावठी, कारण ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो आणि त्याच्या छातीच्या हाडाचं मागचं टोक अजून हाड झालेलंच नसतं, ते आपण कुर्रकुर्र चावतो ना ते.

कोंबडीच्या छातीवर मधोमध बोट फिरवलं की एक उभी धार लागते. मालिमच्या जेटीजवळ दुरुस्तीला वर काढलेला ट्रॉलर बघितलाय का कधी? त्याच्या तळाला मधोमध पुढून मागे एक उभी पट्टी जाते, तिला कील म्हणतात, आणि पक्ष्याच्या छातीच्या हाडावरच्या या उभ्या धारेलाही शास्त्रज्ञ कीलच म्हणतात. आपलं छातीचं हाड टायसारखं सपाट लांबुळकं असतं, बरगड्या जोडून ठेवण्यापलीकडे त्यावर फार भार नसतो. पक्ष्याचं मात्र रुंद, आतून खोलगट, ढालीसारखं, आणि त्या ढालीवर ही कील. शहामृग आणि एमू हे न उडणारे पक्षी, त्यांच्या ढालीवर कील नसते. वटवाघूळ पक्षी नाही, पण उडतं, तर त्याच्याही छातीच्या हाडावर छोटीशी धार असते. म्हणजे ही धार उडण्याच्या कामासाठी आहे हे उघड आहे.

काम काय, तर स्नायूंना धरायला जागा देणं. कीलच्या दोन्ही बाजूंना जो मांसाचा मोठा गोळा असतो तो पंख खाली मारणारा स्नायू. चांगलं उडणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांत उडण्याचे स्नायू अंगाच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के भरतात. ब्राह्मणी घार अर्धा किलोच्या आसपास धरली तर त्यातले ७५ ते १०० ग्रॅम नुसते पंख हलवणारे.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, जरा सावकाश सांगते. पंख खाली ओढणारा स्नायू खाली छातीवर असणार हे समजतं. मग पंख वर उचलणारा स्नायू पाठीवर असायला हवा ना? नसतो. तोही छातीवरच असतो, मोठ्या स्नायूच्या खाली लपलेला, तेच ते चिकनमधलं लांबट मऊ मांस ज्यातून पांढरी चिवट दोरी निघते आणि आपण ती काढून टाकतो. ती दोरी टाकाऊ नाही हो, तीच सगळी करामत आहे. ती वर खांद्याकडे जाते, तिथे तीन हाडांच्या मध्ये एक भोक आहे, त्यातून आरपार जाते, पलीकडे वळून पंखाच्या हाडाला वरच्या बाजूने चिकटते. विहिरीवरची कप्पी आठवा, आपण दोर खाली ओढतो आणि कळशी वर येते, अगदी तस्संच. कोंबडीच्या छातीवरचं वरचं मांस हलक्या हाताने बाजूला करून आतला स्नायू कीलच्या बाजूने सोडवा आणि मागच्या दिशेने ओढा, मेलेल्या कोंबडीचा पंख वर उचलला जातो. मी मुलांना हे दाखवते तेव्हा पहिल्यांदा एकदम गप्प होतात आणि मग प्रत्येकाला स्वतः ओढून बघायचं असतं. सगळं जड सामान पोटाखाली ठेवायचं आणि ताकद फक्त दोरीने वर पाठवायची, म्हणजे हवेत तोल जात नाही. होडीत जड पेटारे तळाला ठेवतात ते उगाच नाही.

ती तीन हाडं म्हणजे खांद्याचं पातं, कोराकॉइड आणि विशबोन. विशबोन म्हणजे मानेच्या खाली इंग्रजी व्ही किंवा यू सारखं जे हाड असतं ते, आपल्या गळ्याजवळची दोन हाडं पक्ष्यांत एकमेकांना जुळून ते झालंय. १९८८ मध्ये अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी युरोपियन स्टार्लिंग हा मैनेच्या घराण्यातला पक्षी वाऱ्याच्या बोगद्यात उडवला आणि त्याचं एक्स-रेचं चलत्चित्र घेतलं, तेव्हा दिसलं की प्रत्येक फडफडीला विशबोनच्या दोन्ही काड्या फाकतात आणि परत जवळ येतात, स्प्रिंगसारख्या. पण गरुडाचं विशबोन हातात घेतलं, संग्रहालयात बघितलं तरी, तर लक्षात येतं की हे जाडजूड, रुंद कमानीसारखं आहे, चिमट्यासारखं लवचिक वाटत नाही. मोठे तरंगणारे पक्षी फडफडतात कमी, पण दोन मीटरभर पसरलेले पंख तासन् तास तोलून धरतात, आणि त्यांना खांदे एकमेकांपासून लांब ठेवणारी मजबूत कमान लागते.

गव्हाणी घुबडाचं तर अजून वेगळं, त्याचं विशबोन खाली छातीच्या हाडाला जोडूनच गेलेलं असतं. जुन्या देवळाच्या माळ्यावर, पडक्या घरात राहणारं ते बदामी तोंडाचं घुबड. इतर बहुतेक घुबडांत असं नसतं, आणि हाडांवरून घुबडांची दोन घराणी ओळखताना ही एक खूण वापरतात.

कोराकॉइडकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण मला विचाराल तर उडण्याचा सगळा भार सोसणारं हाड तेच. छातीच्या हाडाच्या पुढच्या काठापासून खांद्यापर्यंत तिरका उभा असलेला खांब. मोठा स्नायू आवळला की तो पंख खाली ओढतोच, पण त्याच जोराने खांद्याला छातीकडे खेचतो, आणि मध्ये हा टेकू नसता तर प्रत्येक फडफडीला खांदा छातीत घुसला असता. मांडवाच्या कापडाला ताण दिल्यावर खांब नसेल तर काय होईल, ते डोळ्यासमोर आणा. म्हणूनच शिकरा कबुतराच्या मागे लागून बिल्डिंगच्या काचेवर आपटला की बरेचदा हेच हाड मोडतं. बाहेरून काही दिसत नाही, पंख फारसा लोंबत नाही, पक्षी चालतो, कधी सरळ थोडं उडतोही, पण जमिनीवरून वर चढता येत नाही. लोक म्हणतात ठीक आहे, सोडून द्या. ठीक नसतो तो. एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही, आणि बऱ्याचदा उपाय म्हणजे पंख बांधून काही आठवडे शांत ठेवणं एवढाच असतो, पण तो मिळाला नाही तर पक्षी उपाशी मरतो.

आता शिकारी पक्ष्यांचं छातीचं हाड कोंबडीपेक्षा वेगळं कसं. कोंबडीच्या ढालीला मागून खोल खाचा असतात, इतक्या खोल की ढाल कमी आणि काट्या-चमच्यातला काटा जास्त वाटतो, तिची उडी चार सेकंदांची, झाडावर चढण्यापुरती. घारी-गरुडांची ढाल रुंद, चौकोनी म्हणावी अशी, आणि जवळजवळ शेवटपर्यंत हाडाने भरलेली, फार तर मागच्या बाजूला एकेक छोटी खिडकी. ससाण्यांनाही तशीच रुंद ढाल आणि खिडक्यांची जोडी. बहुतेक घुबडांना मात्र मागच्या काठाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन खाचा. कबुतराची कील या सगळ्यांच्या मानाने फारच उंच, कारण त्याला जागेवरून फाडकन वर उडायचं असतं. घारीचं तसं नाही, ती मांडवीवर गरम हवेच्या भोवऱ्यात चढून बसते आणि पंख हलवतसुद्धा नाही.

हलवत नाही म्हणजे काम करत नाही असं मात्र नाही हं. दोन बाकांवर दोन हात टेकवून पाय उचला आणि अंग अधांतरी धरा, अर्ध्या मिनिटात छाती थरथरायला लागेल. तरंगणाऱ्या घारीचं अंग असंच दोन पंखांच्या मध्ये लटकलेलं असतं आणि छातीचा मोठा स्नायू सतत ताणून धरलेला असतो. अल्बट्रॉससारख्या समुद्री पक्ष्यांना खांद्यात कुलूप आहे, पंख उघडून अडकवून ठेवायचं. टर्की व्हल्चर नावाच्या अमेरिकेतल्या गिधाडासारख्या पक्ष्याच्या मोठ्या स्नायूत आत एक वेगळा थर सापडलाय, संथ काम करणाऱ्या, लवकर न थकणाऱ्या धाग्यांचा, आणि तो पंख धरून ठेवण्यासाठीच असावा असं मानतात.

ससाण्यांबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथेच सांगते. हिवाळ्यात आपल्या सड्यांवर केस्ट्रेल येतो, एका जागी हवेत पंख मारत उभा राहतो, खाली गवतात टोळ-उंदीर बघत. त्याला आणि बहिरी ससाण्याला आपण घारी-गरुडांचे भाऊ समजत होतो. २००८ मध्ये मोठा जनुकीय अभ्यास आला आणि कळलं की ससाणे पोपटांच्या आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या जास्त जवळचे आहेत. छाती सारखी दिसते कारण धंदा सारखा आहे. आणि बारकाईने बघितलं तर फरक आहेच, ससाण्याच्या पाठीचे काही मणके जुळून एकच पट्टी झालेली असते. बहिरी ससाणा ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगाने खाली सूर मारतो, आणि त्या सुरातून वर वळताना अंगावर जो जोर येतो तो याच पाठीवर आणि छातीवर.

बरं, इथपर्यंत सगळं इंजिनाबद्दल झालं. इंजिन बसवायला पाया घट्ट हवा, हलता कामा नये. पण तात्यांच्या घारीचं उत्तर यात नाही, ते बरगड्यांत आहे.

आपल्याला पोट आणि छातीच्या मध्ये पडदा आहे, तो खाली गेला की फुप्फुसं फुगतात. पक्ष्याला तसा पडदाच नाही. त्याची फुप्फुसं छोटी, पाठीच्या बरगड्यांना घट्ट चिकटलेली आणि जवळजवळ न फुगणारी. हवा खेळवायचं काम अंगभर पसरलेल्या पातळ हवेच्या पिशव्या करतात, बहुतेक पक्ष्यांत ९. काही पिशव्यांच्या फांद्या हाडांच्या आतसुद्धा गेलेल्या असतात, छातीच्या हाडाच्या आतल्या बाजूला त्यासाठी बारीक भोकं असतात. या पिशव्यांना स्वतःचा जोर नाही. मग त्या फुगतात कशा? छातीचं हाड खाली जातं म्हणून.

भजनात पेटी वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघा. पेटीचा भाता एका कडेला बिजागरीने धरलेला असतो आणि दुसरी कडा उघडते-मिटते. घारीची छाती तशीच. पुढची कडा खांद्याच्या कोराकॉइडला टेकलेली, तिथे हालचाल कमी, आणि ढालीचं मागचं टोक श्वास घेताना खाली आणि जरा पुढे झुलतं, सोडताना परत वर. श्वास आत घ्यायला स्नायू लागतो आणि बाहेर टाकायलाही लागतो, आपल्यासारखं नुसतं ढिलं सोडलं की हवा बाहेर गेली असं नाही.

हे झुलणं शक्य होतं बरगड्यांमुळे. आपल्या बरगडीचं पुढचं टोक कुर्चेचं, मऊ. पक्ष्याच्या बरगडीचे दोन तुकडे, दोन्ही हाडाचेच, एक पाठीच्या मणक्यापासून खाली येणारा आणि दुसरा छातीच्या हाडापासून वर जाणारा, आणि दोघांच्या मध्ये सांधा, कोपरासारखा. सगळ्या बरगड्या असे कोपर उघडतात-मिटतात आणि छातीचं हाड खालीवर होतं. शिवाय या बरगड्या ढालीच्या कडेला फक्त पुढच्या भागातच जोडलेल्या असतात, मागचा भाग मोकळा, झुलायला.

आणि वरच्या तुकड्यांवर एकेक आकडी. नारळ पाडणारा पाडेली कमरेच्या मागे कोयती अडकवायला आकडी बांधतो ना, तशी, मागच्या बाजूला वळलेली, मागच्या बरगडीवर टेकणारी. पूर्वी समजत की ही फक्त पिंजरा मजबूत करायला आहे. आता कळलंय की तिच्यावर श्वासाचे स्नायू धरलेले असतात आणि ती तरफेचं काम करते, थोड्या जोरात बरगडी जास्त फिरते. खोल बुडी मारणाऱ्या पक्ष्यांत या आकड्या सगळ्यात लांब, चालणाऱ्यांत सगळ्यात आखूड, उडणारे मधले. व्हेलोसिरॅप्टर नावाच्या डायनोसॉरलासुद्धा अशा आकड्या होत्या, आणि हे वाचलं तेव्हा मी रात्री उठून परत एकदा चित्र बघितलं होतं.

म्हणजे एकाच पिंजऱ्याकडून दोन उलट्या मागण्या. पंखांसाठी घट्ट राहा, श्वासासाठी हल. पक्ष्याने ते जमवलंय ते घट्टपणा हाडांत ठेवून आणि हालचाल सांध्यांत ठेवून. ढाल वाकत नाही, पण ढाल ज्या कोपरांवर टांगलीय ती वाकतात.

एका रविवारी मी हे सगळं तात्यांना दाखवलं, त्यांच्याच ओसरीवर, केळीच्या पानावर साफ केलेला कोंबडीचा पिंजरा ठेवून. त्यांनी अंगठ्याने छातीचं हाड खालीवर करून बघितलं, बरगड्यांचे सांधे हलताना बघितले. मग दोन्ही पंजे त्या पिंजऱ्याभोवती धरले, जसे त्या वेळी धरले असतील तसे, आणि दाबले. हाड हलेना. बराच वेळ तसेच बसले. म्हणाले, "नाक-तोंड मोकळं होतं तिचं, म्हणून मला वाटलं श्वास घेतेय." मी म्हटलं तात्या, कदाचित नुसत्या भीतीनेही गेली असेल, पक्षी तसेही जातात. त्यांनी मान हलवली, पण पिंजरा लगेच खाली ठेवला नाही.

त्यानंतर आमच्या वाड्यावर पक्षी सापडला की पोरं आधी त्यांना बोलावतात. ते पहिल्यांदा कापड टाकून डोकं झाकतात, अंधार झाला की पक्षी निवळतो. मग पाठीमागून दोन्ही पंख अंगाशी मिटवून, बोटं खाली नेऊन पाय मांडीजवळ धरतात, आणि तळहात छातीच्या पुढे येऊ देत नाहीत. मग एक बोट हळूच कीलवर. धष्टपुष्ट घारीच्या कीलच्या दोन्ही बाजू भरलेल्या लागतात, धार जेमतेम जाणवते. उपाशी पक्ष्याचे ते स्नायूच अंगाने खाल्लेले असतात, बाजू खोल जातात आणि धार कोयत्यासारखी बोटाला लागते. पिसं फुगवलेली असली की वरून पक्षी चांगला गुबगुबीत दिसतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, बोटावर ठेवायचा. अशा पक्ष्याच्या तोंडात पाणी किंवा मासळी कोंबायची नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि फार उपाशी राहिलेल्या अंगाला एकदम खाणं झेपत नाही.

भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला जुना टॉवेल, झाकण बंद, जागा शांत, आणि वनखात्याला फोन. खोक्यात ठेवण्याआधी एकदाच शेपटीकडे बघून घ्या. प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली हलत असेल तर त्याला छातीचं हाड हलवायला सगळं अंग लावावं लागतंय, मग उद्या सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच डॉक्टरकडे न्या.